घाटात रुसणारी गाडी

'अंकासाठी काहीतरी लिही,' असे मराठीच्या सरांनी सांगितले तेव्हा मी मनातल्या मनात एखादा ललित निबंध जुळवू लागले होते. पाऊस, धुके, लोहगड, भाजे-कार्ल्याची लेणी असे विषय आमच्या मावळात काही कमी नाहीत, आणि दरवर्षी ते आपल्या अंकात येतातही. पण गेले कित्येक महिने माझ्या डोक्यात धुक्याऐवजी पेट्रोलचा वास भरून राहिला आहे. तेव्हा यंदा लेख त्यावरच. मी कला शाखेची विद्यार्थिनी. यंत्रशास्त्राचा अभ्यास मी केलेला नाही. जे पाहिले, विचारले आणि पडताळले, तेवढेच येथे मांडते.

माझे वडील, म्हणजे आमचे आबा, बावीस वर्षे लोणावळ्यात एका बंगल्यावर ड्रायव्हर आहेत. मागल्या दिवाळीत मालकांनी त्यांची जुनी गाडी आबांना कमी किमतीत दिली. गाडी मध्यम आकाराची, मागे स्वतंत्र डिकी असलेली, पेट्रोलवर चालणारी. दिसायला अजून देखणी. मात्र मालक मुंबईचे. नवी गाडी आल्यापासून ही जुनी बंगल्याच्या पोर्चमध्ये दोन पावसाळे नुसती उभी होती. त्या वेळी आम्हांला त्यात वावगे काही वाटले नाही. उलट, 'कमी चाललेली आहे' म्हणून आम्ही खूष होतो. आईने बोनेटवर हळदकुंकू वाहिले. आबांनी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या गाडीची किल्ली खिशात टाकली.

मे महिन्यात ताईला पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आणायचे होते. तिचे सासर खोपोलीला. निघताना व्याही आणि विहीणबाई सोडायला गाडीत बसले. 'लोणावळ्यापर्यंत येतो, तेवढीच चिक्की घेऊन परत फिरू' म्हणाले. खोपोली समुद्रसपाटीपासून जेमतेम साठ-सत्तर मीटर उंच आणि लोणावळा सव्वासहाशेच्या आसपास. म्हणजे दहा-बारा किलोमीटरांत साडेपाचशे मीटरांची चढण. शिंग्रोबाच्या देवळाच्या पुढे गाडीने दोन झटके दिले, पिकअप गेला आणि एका वळणावर ती बंद पडली.

इंजिन बंद पडले म्हणजे गाडी नुसती थांबते असे नाही. ब्रेकला इंजिनची जी मदत असते ती एक-दोनदा पाय दाबेपर्यंतच पुरते. मग ब्रेक दगडासारखा कडक होतो आणि स्टिअरिंगही जड होते. मागून ट्रक येत होता. आबा ओरडले, 'पोरी, चाकाला दगड लाव!' मी उडी मारून दगड लावला. ताई पोटावर हात ठेवून डोळे मिटून बसली होती. दहा मिनिटांनी किल्ली फिरवली तर गाडी निमूट सुरू झाली, आणि एका किलोमीटरवर पुन्हा थांबली. विहीणबाई काही वाईट बोलल्या नाहीत. 'मालकांच्या गाड्या चांगल्या असायच्या ना?' एवढेच म्हणाल्या. बावीस वर्षांत आबांची गाडी घाटात कधी थांबली नव्हती. त्या वाक्यानंतर कामशेतपर्यंत आबा एक शब्द बोलले नाहीत.

घाटात थांबलो असता आबांनी एक गोष्ट केली होती. बोनेट उघडून ओले फडके पेट्रोलच्या नळीवर ठेवले. जुन्या ड्रायव्हरांचा हा हुकमी उपाय. त्यामागचे कारण समजून घेण्यासारखे आहे.

फियाट, प्रीमियर पद्मिनी, ॲम्बॅसडर या जुन्या पेट्रोल गाड्यांत कार्बोरेटर असे. पेट्रोलची टाकी मागे आणि पंप पुढे, थेट इंजिनला चिकटवलेला. इंजिन फिरले की पंप हलायचा आणि मागच्या टाकीतून पेट्रोल ओढून घ्यायचा. आता, कोणताही द्रव ओढला की त्यावरचा दाब कमी होतो आणि दाब कमी झाला की तो लवकर उकळतो. पेट्रोल तर मुळातच चंचल. त्यातले हलके अंश चाळीस अंशांच्या आतबाहेरच वाफ होऊ लागतात. उन्हाळ्यात घाट चढताना इंजिन तापले की नळीत वाफेचे बुडबुडे होत. पंप द्रव ढकलू शकतो. बुडबुडा नुसता दबतो आणि फुगतो, पुढे सरकत नाही. याला 'व्हेपर लॉक' म्हणतात. ओल्या फडक्याने वाफ थंड होऊन पुन्हा पेट्रोल होई आणि गाडी चाले. म्हणजे आबांचा उपाय अडाणी नव्हता. तो त्या गाड्यांसाठी अचूकच होता.

पण २००० साली देशभर नव्या गाड्यांना धुराच्या कडक मर्यादा लागू झाल्या आणि कार्बोरेटर मागे पडत गेला. मुंबईच्या रस्त्यावरची शेवटची पद्मिनी टॅक्सीही ऑक्टोबर २०२३ मध्ये मुदत संपून निवृत्त झाली. नंतरच्या गाड्यांत पेट्रोलचा प्रवास निराळा आहे. विजेवर चालणारा पंप टाकीच्या आतच, पेट्रोलमध्ये बुडालेला असतो. त्याच्या तोंडाशी एक बारीक जाळी. पंप पेट्रोल ओढत नाही, मागून ढकलतो. पुढे फिल्टर, मग इंजिनवरची एक नळी आणि त्या नळीला प्रत्येक सिलिंडरसाठी एकेक इंजेक्टर, म्हणजे बारीक पिचकारी. या नळीत दाब साधारण तीन ते चार बार असतो. चाकातल्या हवेचा दाब सव्वादोन बारच्या आसपास, यावरून कल्पना यावी. दाबाखालचे पेट्रोल सहजासहजी उकळत नाही, म्हणून अशा गाडीत व्हेपर लॉक क्वचितच होतो. ओले फडके तेथे निरुपयोगी.

गाडीतला छोटा संगणक इंजेक्टर किती क्षण उघडा ठेवायचा ते ठरवतो. वजनाने एक भाग पेट्रोलला सुमारे पावणेपंधरा भाग हवा, असे मिश्रण त्याला साधायचे असते. दाब ठरलेला आहे हे गृहीत धरून त्याचे सगळे गणित चालते. दाब घसरला की पिचकारी तेवढाच वेळ उघडूनही पेट्रोल कमी पडते. गाडी झटके मारते, मग बंद पडते. सपाटीवर पेट्रोल थोडे लागते, म्हणून अर्धवट तुंबलेला मार्गही पुरतो. चढणीवर मागणी कितीतरी पटींनी वाढते आणि तेव्हाच खरे उघडे पडते.

हे सारे मला आज कळते. तेव्हा कळत नव्हते, आणि आम्ही गाडी घेऊन दारोदार हिंडलो. एका गॅरेजमध्ये प्लग बदलले. दुसऱ्यात कॉइल बदलली. तिसऱ्यात इंजेक्टर साफ केले. प्रत्येकाने गाडी सपाट रस्त्यावर फिरवून आणली आणि 'आता मक्खन' म्हणून पैसे घेतले. अकरा हजार रुपये गेले. गाडी मात्र चढ आला की रुसायचीच. आई म्हणाली, 'त्या दिवशी शिंग्रोबाला नाणं टाकलं नाहीत.' ज्या धनगराने इंग्रजांना घाटाची वाट दाखवली आणि त्यांनीच ज्याला गोळी घातली असे सांगतात, त्याचे ते देऊळ. जाणारे-येणारे ड्रायव्हर तेथे नाणे टाकतात. आबा गाडी विकायला निघाले. ताईचे दिवस भरत आले होते. रात्री-अपरात्री तळेगावच्या दवाखान्यात न्यायची वेळ आली तर वाटेत कामशेतचा छोटा घाट लागतो. या गाडीवर भरवसा ठेवायचा की नाही, हा आमच्या घरातला रोजचा प्रश्न झाला होता.

इतिहासाच्या तासाला सर नेहमी सांगतात, आधी साधने गोळा करा, निष्कर्ष नंतर. मला वाटले, आम्ही आतापर्यंत उलटेच केले. म्हणून एक वही घेतली. गाडी कधी अडली, कोठे, चढ होता की सपाटी, ऊन होते की पाऊस, टाकीत पेट्रोल किती, किती वेळाने पुन्हा सुरू झाली, हे सारे लिहू लागले. मागच्या घटना आबांना विचारून भरल्या. सात नोंदी झाल्या. त्यांत तीन गोष्टी सारख्या होत्या: दर वेळी चढ होता, दर वेळी पेट्रोलचा काटा अर्ध्याच्या खाली होता आणि दर वेळी दहा-पंधरा मिनिटे थांबल्यावर गाडी आपोआप चालली होती. ऊन मात्र सातांपैकी चारच वेळा होते. म्हणजे दोष गरमीचा नव्हता.

कामशेतजवळच्या एका वयस्क मिस्त्रीकाकांना मी ती वही दाखवली. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचली आणि आबांना म्हणाले, 'अहो, आजार तर पोरीनं लिहूनच आणलाय. आता नाडी बघू.'

त्यांनी पेट्रोलच्या नळीला दाबाचे मीटर जोडले, लांब नळीने ते काचेवर बाहेरून घट्ट बांधले आणि गाडी कामशेतच्या घाटात घेतली. उभ्या गाडीत काटा तीनवर होता. चढ लागला, तसा तो अडीच, दोन, दीडवर आला, आणि गाडीने तोच ओळखीचा झटका दिला. तीन गॅरेजांत जे दिसले नव्हते ते चार मिनिटांत डोळ्यांसमोर आले.

मग मागची सीट उचलून त्यांनी पंप बाहेर काढला. त्याच्या तोंडाची जाळी पांढरी असते म्हणे. आमची तपकिरी-काळी झाली होती, जणू काढ्यात उकळलेले फडके. टाकी रिकामी केली तर तळाशी तांबूस गाळ आणि पेलाभर पाणी निघाले.

पाणी आले कोठून? लोणावळ्यात वर्षाला सरासरी चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. टाकीच्या झाकणाचे रबर तडकले होते. शिवाय अर्धी रिकामी टाकी म्हणजे आत अर्धी दमट हवा. रात्री गारवा पडला की तिचे थेंब पत्र्यावर जमतात. पाणी पेट्रोलपेक्षा जड, म्हणून ते तळाशी बसते आणि पत्रा गंजवते. आपल्याकडे पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळले जाते. २०२२ साली हे प्रमाण दहा टक्क्यांवर आणि २०२५ साली वीस टक्क्यांवर पोहोचले. इथेनॉल पाणी शोषून घेते. पण मर्यादेबाहेर पाणी झाले की दोघे मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि खाली बसतात. उभे राहिलेले पेट्रोल महिन्यांगणिक जुने होऊन चिकटही बनते. दोन पावसाळे आमच्या गाडीत हेच चालले होते. 'कमी चाललेली' म्हणून जिचे आम्ही कौतुक केले, तेच तिचे दुखणे होते.

वहीतले कोडेही सुटले. पंप चालू असताना गाळ जाळीला चिकटत जातो. गाडी थांबली की ओढ संपते, गाळ सुटून खाली पडतो, आणि गाडी पुन्हा चालते. पेट्रोल कमी असले की थोड्या पेट्रोलात तोच गाळ दाट होतो, चढावर पेट्रोल एका बाजूला सरकते आणि पंपाला थंड ठेवणारे पेट्रोलही अपुरे पडते. नवी जाळी, नवा फिल्टर, झाकणाचे रबर आणि टाकीची सफाई यांत काम झाले. पंप शाबूत होता. खर्च आधीच्या अकरा हजारांच्या चौथाईहून कमी.

ज्यांच्या घरी वापरलेली गाडी येणार असेल त्यांच्यासाठी चार गोष्टी. गाडी किती किलोमीटर चालली याबरोबर ती किती महिने उभी होती हेही विचारा. किल्ली पहिल्या खटक्यावर फिरवून, इंजिन सुरू न करता, मागच्या सीटखाली कान द्या. पंपाचा दोनेक सेकंद बारीक घुं आवाज यायला हवा. गाडी सपाटीवर नव्हे, चढावर चालवून पाहा. भाग बदलण्यापूर्वी दाब मोजायला सांगा. गाडी आपली झाली की टाकी पावाच्या खाली जाऊ देऊ नका. आणि टाकीचे काम घरी करू नका, नळीने तोंडाने पेट्रोल ओढू नका. पेट्रोलच्या वाफेला एक ठिणगी पुरते.

दुरुस्तीनंतर आबा आणि मी मुद्दाम काटा पावाच्या जवळ ठेवून खोपोलीला उतरलो आणि लगेच वर निघालो. ते वळण आले. आबांनी गाडी दुसऱ्या गिअरमध्ये टाकली. मी श्वास रोखून बसले होते. वळण गेले, पुढचेही गेले. शिंग्रोबाला जाताना आणि येताना, दोन्ही वेळा आबांनी नाणे टाकले होते. त्याबद्दल मी काही बोलले नाही.

ताईला मुलगा झाला, आणि तिला रात्री दोन वाजता दवाखान्यात नेले ते याच गाडीने. बारशाला विहीणबाई आल्या तेव्हा परत जाताना त्या एस. टी.ची चौकशी करीत होत्या. आबा म्हणाले, 'मी सोडतो की.' त्या क्षणभर थांबल्या, आणि गाडीत बसल्या.

माझी वही आता गाडीच्या पुढच्या कप्प्यात असते. पेट्रोल भरले की आबा स्वतः त्यात तारीख, लिटर आणि किलोमीटर लिहितात. अक्षर थोडे वाकडे आहे, पण एकही नोंद चुकलेली नाही.

(द्वितीय वर्ष, कला)