आठवड्यातून एकदाच

सकाळी उठल्यावर तासभर बोटं वळत नाहीत, मनगटं सुजतात. तपासणीत आमवात निघतो आणि चिठ्ठीवर मेथोट्रेक्सेट लिहून मिळतं. घरी कुणीतरी मोबाइलवर नाव टाकून पाहतं आणि म्हणतं, ‘अहो, ही तर कॅन्सरची गोळी!’ खोटं नाही ते. अर्धंच खरं आहे. पण तेवढ्यावरच कित्येक जण पाकीट कपाटात ठेवून देतात.

या औषधाच्या इतिहासाचा एक धागा मुंबईतून निघतो. १९२८ साली लुसी विल्स ही इंग्रज डॉक्टर इथे आली आणि गिरण्यांत राबणाऱ्या गरोदर बायकांच्या रक्तक्षयाचा अभ्यास करू लागली. मार्माइट हा यीस्टचा स्वस्त अर्क दिला की त्यांचं रक्त भरून येतं, हे तिच्या लक्षात आलं. त्यातला गुणकारी घटक पुढे फॉलिक ॲसिड म्हणून ओळखला गेला. पेशी दुभंगण्याआधी नवा डीएनए तयार व्हावा लागतो आणि त्यासाठी हे जीवनसत्त्व हवंच असतं. अर्थात ते कर्करोगाच्या पेशींनाही हवं असतं. बोस्टनचे डॉक्टर सिडनी फार्बर यांना तर फॉलिक ॲसिडसारखी द्रव्यं दिल्यावर ल्युकेमिया हा रक्ताचा कर्करोग उलट वेगाने वाढताना दिसला. मग हा पुरवठाच तोडला तर? लेडर्ली कंपनीत संशोधनाचे प्रमुख होते आंध्रचे यल्लाप्रगडा सुब्बाराव. त्यांच्या चमूने फॉलिक ॲसिडची विरोधी द्रव्यं बनवली. त्यातलं ॲमिनोप्टेरिन फार्बर यांनी १६ मुलांना दिलं आणि १० जणांत सुधारणा दिसली. १९४८ साली प्रसिद्ध झालेली ही सुधारणा तात्पुरती होती, पण औषधाने ल्युकेमिया मागे हटतो एवढं तरी कळलं. मेथोट्रेक्सेट हे त्याच घराण्यातलं.

त्याची रचना फॉलिक ॲसिडशी इतकी मिळतीजुळती की पेशीतलं एक विकर फसतं. बनावट किल्ली कुलपात अडकून बसावी तसं हे औषध त्या विकरात रुतून बसतं आणि डीएनएचं काम थांबतं. भराभर वाढणाऱ्या पेशींना याचा फटका आधी बसतो: कर्करोगाच्या, पण तोंडाच्या अस्तराच्या आणि अस्थिमज्जेतल्याही. म्हणून कर्करोगात शिरेतून मोठा डोस दिला, की ठरलेल्या वेळी ल्युकोव्होरिन देऊन निरोगी पेशी वाचवतात आणि रक्तातली औषधाची पातळी उतरेपर्यंत रुग्णावर नजर ठेवतात. ते सगळं रुग्णालयात होतं.

आमवातात किंवा सोरायसिसमध्ये डोस फारच कमी, साधारण ७.५ ते २५ मिलिग्रॅम, आणि तोही आठवड्याला. एवढ्याशा मात्रेत पेशी मारणं हा हेतूच नसतो. शरीरात ॲडिनोसिन हे दाह शमवणारं द्रव्य वाढतं आणि बिथरलेली प्रतिकारशक्ती निवळते, असं मानलं जातं. गुण यायला दीड ते तीन महिने लागतात. दोन आठवड्यांत ‘काही फरक नाही’ म्हणून सोडणाऱ्यांनी औषधाला संधीच दिलेली नसते.

खरा धोका नावात नाही, वारात आहे. ही गोळी रोज घेतली गेली, तर काही दिवसांत तोंड सोलवटतं, रक्तपेशी घटतात आणि माणूस दगावूही शकतो. असे मृत्यू जगभर नोंदले गेले आहेत. आपल्याकडे रोज सकाळी गोळ्या घ्यायची सवय पक्की. शिवाय दुष्परिणाम कमी करायला सोबत दिलेली फॉलिक ॲसिडची गोळीही बरेचदा तशीच पिवळी. म्हणून डॉक्टरांकडून चिठ्ठीवर वार लिहून घ्यावा, ‘सोमवार’ असा अक्षरी. फॉलिक ॲसिड सहसा दुसऱ्या दिवशी देतात.

सुरुवातीला दर दोन ते चार आठवड्यांनी आणि नंतर दोन-तीन महिन्यांनी रक्तपेशी, यकृत आणि मूत्रपिंडांसाठी क्रिएटिनिन तपासतात. औषध मूत्रपिंडावाटे बाहेर पडतं, त्यामुळे जुलाब-उलट्यांनी शरीर कोरडं पडलं तर ते साचतं. अशा वेळी डोस घेण्याआधी डॉक्टरांना विचारावं. लघवीच्या जंतुसंसर्गावर सर्रास दिलं जाणारं को-ट्रायमॉक्साझोल यासोबत घातक ठरू शकतं, तेव्हा कोणत्याही दवाखान्यात गेलात तरी मेथोट्रेक्सेट चालू असल्याचं आधी सांगा. दारू टाळलेली बरी. गरोदरपणात हे औषध चालतच नाही. मूल हवं असेल, तर ते कधी बंद करायचं हे महिनोन्‌महिने आधी डॉक्टरांशी बोलून ठरवावं.

ताप, तोंडात फोड, अंगावर जखमेविना काळेनिळे डाग, कोरडा खोकला किंवा धाप यांपैकी काहीही दिसलं, तर पुढचा डोस न घेता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावं. आणि ठरलेला वार चुकलाच, तर दोन दिवसांच्या आत आठवण झाल्यास गोळी घेता येते. त्याहून उशीर झाला, तर तो आठवडा सोडून द्यावा; पुढच्या वारी नेहमीचाच डोस, दुप्पट नाही.