काट्यावरची रांग आणि संगणकातलं घड्याळ

कापसाच्या हंगामात अकोट, दर्यापूर, मूर्तिजापूर भागात खरेदी केंद्रासमोर गाड्यांची रांग लागते, हे आपल्याला नवं नाही. 1972 मध्ये एकाधिकार खरेदी योजना आली, तेव्हापासून या रांगेवर भांडणं होत आली आहेत. आज आपण हीच रांग प्रोग्राममध्ये उभी करू.

आकडे गृहीत धरू. सरासरी दर 10 मिनिटांनी एक गाडी येते. काटा एकच, वजनाला सरासरी 9 मिनिटं लागतात. कागदावर पाहिलं तर एक मिनिट शिल्लक उरतं. मग रांग लागते काहून?

आधी हातानं करून पाहू. गाड्या आल्या 8:00, 8:04 आणि 8:19 ला. वजनाला लागले 9, 12 आणि 5 मिनिटं. पहिली 8:09 ला सुटली. दुसरी 5 मिनिटं थांबली, 8:21 ला सुटली. तिसरी 2 मिनिटं थांबली. इथं आपण मिनिट-मिनिट मोजत बसलो नाही, एका घटनेवरून थेट पुढच्या घटनेवर उडी मारली. हेच विविक्त सिम्युलेशन.

प्रोग्रामला तीनच गोष्टी लागतात: घड्याळ, स्थिती (काटा रिकामा की व्यस्त, रांगेत किती) आणि येणाऱ्या घटनांची वेळेनुसार लावलेली यादी. सगळ्यात जवळची घटना उचलायची, घड्याळ तिथं न्यायचं, स्थिती बदलायची, त्यातून निघणारी नवी घटना यादीत टाकायची. पायथॉनमध्ये हे पन्नासेक ओळींत बसतं. ऑस्लोच्या डाल आणि नीगार्ड यांनी 1960 च्या दशकात अशाच कामासाठी ‘सिम्युला’ भाषा घडवली. आज आपण वापरतो ते ‘क्लास’ आणि ‘ऑब्जेक्ट’ तिथूनच आले.

आता दोन्ही वेळा घातांकी वितरणानं यादृच्छिक घ्या आणि लाखो गाड्या सोडा. सरासरी थांबणं येतं 81 मिनिटांच्या आसपास, रांगेत साधारण 8 गाड्या. कारण साधं आहे. काटा रिकामा असताना वाया गेलेलं मिनिट साठवून ठेवता येत नाही, पण उशीर मात्र मागच्या प्रत्येकावर चढत जातो.

मग उपाय तपासू. वजन 9 ऐवजी 8 मिनिटांत झालं, तर थांबणं 32 मिनिटांवर येतं. वजन 9 मिनिटांचंच ठेवलं, पण टोकन देऊन गाड्या बरोबर 10-10 मिनिटांनी बोलावल्या, तर साधारण 38. म्हणजे दुसरा काटा न घेताही रांग निम्म्याहून कमी होते.

भाड्याच्या ट्रॅक्टरवर कापूस घेऊन थंडीत रात्र काढणाऱ्याला हा फरक कळतो. म्हणून घरी एवढं करा: जवळच्या केंद्रावर एक दिवस बसून गाडी आल्याची, काट्यावर चढल्याची आणि सुटल्याची वेळ वहीत लिहा. आपले गृहीत आकडे काढून ते खरे आकडे प्रोग्रामला द्या. पुढच्या वेळी त्यावरच बोलू.