हस्ताक्षरसदृश अक्षरसंच : स्वरूप आणि उपयोजन

प्रास्ताविक

मजकुराचा अर्थ शब्दांतून कळतो. परंतु शब्द वाचण्यापूर्वीच अक्षरांचे वळण त्या मजकुराचा सूर सांगत असते. लग्नपत्रिका आणि न्यायालयाची नोटीस यांतील फरक आपल्याला दुरूनही जाणवतो, तो यामुळेच. या उपघटकात हाताने लिहिल्यासारख्या दिसणाऱ्या अक्षरसंचाचा, म्हणजे फॉन्टचा, विचार करू.

स्वरूप

'कलम' हा या प्रकारचा देवनागरी व रोमन अक्षरसंच इंडियन टाइप फाउंड्रीने २०१४ मध्ये प्रसिद्ध केला. त्यातील देवनागरी अक्षरे लिपी रावल यांनी घडविली. छापील देवनागरीचे पारंपरिक वळण बोरूच्या लेखनातून आले आहे. बोरूचे टोक तिरपे छाटलेले असल्याने रेषा कोठे जाड, तर कोठे बारीक उमटते. 'कलम'मधील रेषा मात्र बॉलपेनने किंवा स्केचपेनने ओढल्यासारखी भासते आणि अक्षरे उजवीकडे झुकतात. त्यामुळे भरभर लिहिणाऱ्या हाताची गती वाचकाला जाणवते.

या प्रकाराची एक मर्यादा ध्यानात घ्या. माणूस दोन वेळा लिहितो तेव्हा त्याचे दोन 'क' तंतोतंत सारखे नसतात. अक्षरसंचात ते सहसा सारखेच येतात. चार ओळींत हे लक्षात येत नाही. चार पानांत हस्ताक्षराचा आभास ओसरतो आणि झुकलेली अक्षरे डोळ्यांना शिणवितात.

उपयोजन

मायक्रोसॉफ्टच्या एका प्रणालीत चित्रातील कुत्रा फुग्यातून बोलत असे. पण त्याचे बोलणे 'टाइम्स न्यू रोमन' या औपचारिक वळणात होते. ही विसंगती पाहून व्हिन्सेंट कॉनेर यांनी १९९४ मध्ये चित्रकथांतील अक्षरांच्या धर्तीवर 'कॉमिक सॅन्स' तयार केला. पुढे ४ जुलै २०१२ रोजी सर्न येथे हिग्ज बोसॉनसंबंधीचे निष्कर्ष मांडताना हाच अक्षरसंच वापरला गेला, तेव्हा शोधाबरोबर अक्षरांचीही चर्चा झाली. अक्षरसंच तोच होता. प्रसंग बदलला होता.

यावरून असे म्हणता येईल की, शुभेच्छापत्र, बालपुस्तकातील संवाद, पाककृतीचे शीर्षक किंवा समासातील टीप अशा लहान व आपुलकीच्या मजकुरास हे वळण शोभते. शोकसंदेश, करारपत्र, औषधाची मात्रा किंवा दीर्घ लेख यांसाठी ते टाळावे. जेथे वाचकाला विश्वास किंवा अचूकता हवी असते, तेथे सैल वळण मजकुराचे वजन कमी करते.

मराठी मजकुरासाठी निवड करताना 'ल' व 'श' यांची मराठी वळणे, तसेच 'दुसऱ्या' या शब्दातील अर्धा र नीट उमटतो का, हे छपाईपूर्वी अवश्य तपासावे.

स्वयंअध्ययनासाठी प्रश्न

१. दीर्घ मजकुरासाठी हस्ताक्षरसदृश अक्षरसंच का टाळावा?
२. तुमच्या परिसरातील एक फलक निवडा. त्याचे अक्षरवळण आशयाशी सुसंगत आहे का, ते सकारण लिहा.