‘हम दोनो’ : सतार-तबल्याविना जुळलेला मेळ

मंडळी, कागलात जॅझवर बोलायचं ठरलं तेव्हा आम्हालाच थोडी धाकधूक होती. इथले कान तयार झालेत ते भजनी मंडळाच्या पेटीवर आणि वरातीतल्या बँडवर. मग लक्षात आलं, हीच तर आपली सोय आहे. पेटी बाहेरून आली, बँडमधली क्लॅरिनेटही बाहेरूनच आली, आणि दोन्ही आपण आपल्या करून घेतल्या. मग गिटारनं काय घोडं मारलंय? आज त्या गिटारबद्दल बोलू.

अमान्सिओ डिसिल्व्हा हे गिटारवादक. गोव्याच्या कुटुंबातले, जन्म १९३६ सालचा, मुंबईचा. साठच्या दशकाच्या अखेरीस ते लंडनला गेले. तिथं १९६९ मध्ये त्यांनी जो हॅरियट यांच्याबरोबर एक ध्वनिमुद्रिका केली. हॅरियट जमैकाचे, सॅक्सोफोनवादक. मुद्रिकेचं नाव ‘हम दोनो’. एक गोव्याकडचा, एक जमैकाचा, आणि भेट लंडनच्या स्टुडिओत.

त्याआधी, १९६६ साली, हॅरियट यांनी जॉन मेयर या कोलकात्यात जन्मलेल्या संगीतकाराबरोबर ‘इंडो-जॅझ सूट’ केली होती. त्यात एकीकडे जॅझचे वादक आणि दुसरीकडे सतार, तबला, तंबोरा अशी मांडणी होती. तबल्यावर होते आपले केशव साठे. दोन मेळ शेजारी शेजारी बसवले, की ऐकणाऱ्याला लगेच कळतं, ‘हे भारतीय, ते पाश्चात्त्य.’

‘हम दोनो’त सतार नाही, तबला नाही. गिटार, सॅक्सोफोन, ट्रंपेट, बास, ड्रम आणि नॉर्मा विन्स्टन यांचा शब्दांविना गाणारा आवाज, एवढंच. सगळी वाद्यं पाश्चात्त्य. मग यात भारतीय काय उरलं? इथंच खरी गोष्ट आहे.

आपल्या रागसंगीतात षड्ज हलत नाही. तंबोरा तोच सूर धरून असतो आणि गाणारा त्याच्याभोवती फिरतो. जॅझमध्ये उलट असतं. खाली स्वरांचे जुडगे, म्हणजे कॉर्ड, सारखे बदलत असतात आणि वादकाला त्या बदलांवर स्वार व्हावं लागतं. दोन्ही एकदम करायला गेलं तर एक दुसऱ्याला पाडतं. वाट एकच : खालचे बदल कमी करायचे, बासनं एखादी आकृती धरून ठेवायची आणि सुरावटीला पसरायला जागा द्यायची. पन्नाशीच्या दशकाच्या शेवटी माइल्स डेव्हिस यांच्यासारख्या जॅझवाल्यांनी अशी जागा आधीच मोकळी केली होती. आपल्याकडचा वादक तिथं सहज शिरू शकला.

दुसरी अडचण वाद्याची. सतारीचा पडदा न बदलता तार ओढून चार-पाच स्वरांची मींड काढता येते. गिटारची तार तेवढी ओढली जात नाही. वादकाला बोट तारेवरून घसटत न्यावं लागतं, सूर खालून उचलावा लागतो. पेटीला तर तेही जमत नाही. म्हणून तर १९४० ते १९७१ आकाशवाणीवर पेटीला बंदी होती. पण त्याच पेटीवर कोल्हापूरचे गोविंदराव टेंबे यांनी नाव कमावलं. कागलच्या घाटगे घराण्यातून दत्तक गेलेल्या शाहू महाराजांनी ज्या अल्लादियाखाँसाहेबांना आश्रय दिला, त्यांच्या गाण्याचे टेंबे मोठे जाणकार. वाद्य कुठलं यापेक्षा हात कुठल्या गाण्यावर पोसला, हे टेंब्यांकडं बघून कळतं. डिसिल्व्हांच्या बाबतीतही तेच म्हणावं लागेल.

आता कुणी म्हणेल, हा राग नव्हे. बरोबर आहे. नुसते स्वर घेतले म्हणजे राग होत नाही, त्याचं चलन लागतं, वेळ लागतो. त्या काळच्या लाँग प्ले तबकडीच्या एका बाजूला साधारण वीस-पंचवीस मिनिटं मावायची आणि तेवढ्यात दोन-तीन रचना बसवायच्या असत. तिथं बडा ख्याल शोधू नये. पण मैफल आटवून केलेली चीज म्हणूनही ती ऐकू नये. थोडक्यात मांडायचं म्हणून सुरुवातीपासूनच वेगळा विचार करून ती केलेली असते.

मंडळी, एक गोष्ट मात्र मनाला लागते. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला डिसिल्व्हांनी ‘कोंकण डान्स’ नावानं आणखी एक मुद्रण केलं. ते तसंच पडून राहिलं आणि बाहेर आलं २००६ मध्ये. डिसिल्व्हा १९९६ मध्येच गेले होते. लोकांनी ते ऐकलं तेव्हा त्यांना काही सांगायची सोय उरली नव्हती.

आपल्या गावातही भजनी मंडळांचं, बँडवाल्यांचं वाजवणं आज मोबाइलमध्ये पडून आहे. कोण वाजवतंय, कुठल्या साली, हे त्यासोबत लिहून ठेवा. वादक समोर आहे तोवर त्यालाच विचारून ठेवा. आणि ‘हम दोनो’ ऐकायची असेल तर ‘बॅलड फॉर गोवा’ या रचनेपासून सुरुवात करा. पहिल्यांदा नुसती ऐका, दुसऱ्यांदा फक्त बासकडं लक्ष ठेवा, तिसऱ्यांदा गिटारच्या बोटाकडं. मग पुढच्या वेळी भेटू तेव्हा आम्हाला सांगा, षड्ज कुठं सापडला.