गोंगाट, गुंफण आणि विसंवाद

परिसराशी ज्या संहतीची देवाणघेवाण अखंड चालू असते, तिला खुली संहती म्हणतात. आणि त्या देवाणघेवाणीतील अनियंत्रित अंशास भौतिकीत गोंगाट ही संज्ञा आहे. अशा गोंगाटात दोन कणांमधील पुंजसहसंबंधांचे काय होते? ‘ते हळूहळू क्षीण होतात’ हे प्रचलित उत्तर अपुरे होय. कारण ‘पुंजसहसंबंध’ या एका नावाखाली निदान तीन भिन्न गोष्टी वावरत असतात.

वेर्नर यांनी १९८९ साली विचारात घेतलेल्या अवस्थांचे सर्वांत साधे उदाहरण पाहू. दोन द्विस्तरीय कणांची पूर्णतः गुंफलेली अवस्था आणि सर्वस्वी विस्कळीत अवस्था यांचे मिश्रण कल्पावे व त्यातील पहिलीचा वाटा ‘प’ मानावा. प हा सुमारे ०.७१ हून अधिक असेतोवर बेलच्या असमतेचा, तिच्या रूढ रूपात, भंग होतो. प हा १/३ हून अधिक असेतोवर गुंफण टिकते. २००१ साली ऑलिव्हिए व झुरेक आणि हेंडरसन व वेद्राल यांच्या लेखनातून पुढे आलेला ‘विसंवाद’ मात्र प शून्य होईपर्यंत उरतो. हा कणांमधील बेबनाव नव्हे. परस्पर-माहितीची जी दोन सूत्रे अभिजात सिद्धांतात एकच उत्तर देतात, त्यांच्या पुंजरूपांतील हा फरक होय.

आता गोंगाटामुळे प घातांकी नियमाने घटतो असे समजू. तो सांत काळात शून्य होत नाही. तथापि ०.३५ ऱ्हासकालानंतर बेल-असमतेचा भंग थांबतो आणि सुमारे १.१० ऱ्हासकालानंतर गुंफण समूळ नाहीशी होते. उत्स्फूर्त उत्सर्जनातही असे घडू शकते, हे यू व एबर्ली यांनी २००४ साली दाखविले: प्रत्येक अणूचा ऱ्हास अनंत काळ चालतो, परंतु काही आरंभिक अवस्थांत जोडीची गुंफण त्यापूर्वीच संपते. या ‘आकस्मिक मृत्यू’चा प्रत्यय ब्राझीलमधील संशोधकांनी २००७ साली प्रकाशकणांवरील प्रयोगात घेतला.

तात्पर्य, असमतेचा भंग दिसला नाही म्हणून गुंफण नाही असे म्हणता येत नाही. आणि गुंफण संपली म्हणून संहती अभिजात झाली असेही ठरत नाही. मराठीत या तिन्ही संकल्पनांना एकच शब्द योजल्यास हे दोन्ही चुकीचे निष्कर्ष भाषेच्या वाटेने शास्त्रात शिरतील. म्हणून संज्ञांची काटेकोर विभागणी हा येथे विवेचनाचाच एक भाग मानला पाहिजे.