फितीवरचे चित्र संगणकात

झरीतील एखाद्या घरी ट्रंकेच्या तळाशी जुन्या लग्नाची व्हीएचएस कॅसेट असेल. तीत आजोबांचा आवाज आहे. पण फितीला बुरशी धरते, आणि फुनाई या जपानी कंपनीनेही २०१६ मध्ये व्हीसीआर बनविणे थांबविले. मग चित्र संगणकात उतरवावे कसे?

व्हीसीआरमधून येतो तो सतत कमीजास्त होणारा विद्युत्‌दाब. कॅप्चर कार्ड चित्राचा उजेड सेकंदाला १ कोटी ३५ लाख वेळा मोजून त्याचे आकडे करते. आता गणित करा: एका चित्रात ७२० गुणिले ५७६ ठिपके, दर ठिपक्यास २ बाइट, सेकंदाला २५ चित्रे. तासाला सुमारे ७५ गीगाबाइट झाले! म्हणून एफएफएमपेग ही आज्ञावली आकडे येता येताच ते दाबून लहान करते. तिला बटणे नाहीत. आज्ञा टंकावी लागते. आधी कार्डाचे नाव, शेवटी फाइलचे. संगणक मंद असला, तर मधली चित्रे गळतात.

एमपी४ फाइलची अनुक्रमणिका सहसा अखेरीस लिहिली जाते. मध्येच वीज गेली की फाइल उघडतच नाही, आणि आपल्याकडे वीज कधी जाईल कोणी सांगावे? तेव्हा एमकेव्ही फाइल करा. वीज जाईपर्यंतचे चित्र तरी हाती राहते. आणि काम संपले की प्लग उपसू नका, ‘क्यू’ ही कळ दाबा.