कॅरट : हिऱ्याच्या वजनाचे गणित

लग्नसराईत सोन्याबरोबरच हिऱ्याच्या अंगठीची खरेदी आता मध्यमवर्गीय कुटुंबांतही होऊ लागली आहे. मात्र ‘कॅरट’ या शब्दाचा नेमका अर्थ ठाऊक नसल्यास साठवलेली पुंजी अनाठायी खर्च होण्याचा संभव असतो.

सोन्याच्या बाबतीत कॅरट ही शुद्धता दर्शवते. हिऱ्याच्या बाबतीत ते वजनाचे एकक होय. १९०७ साली वजने व मापे यांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने २०० मिलिग्रॅमचा मेट्रिक कॅरट मान्य केला. म्हणजेच ५ कॅरट म्हणजे १ ग्रॅम. एका कॅरटचे १०० सेंट होतात; अर्धा कॅरट म्हणजे ५० सेंट.

वजन दुप्पट झाले म्हणून हिरा दुप्पट मोठा दिसत नाही. उत्तम पैलू पाडलेल्या एक कॅरट गोल हिऱ्याचा व्यास सुमारे ६.५ मिलिमीटर, तर दोन कॅरटच्या हिऱ्याचा सुमारे ८.२ मिलिमीटर असतो. शिवाय मोठे खडे दुर्मीळ असल्याने प्रतिकॅरट दरही वाढत जातो. ९० सेंटचा हिरा एक कॅरटच्या हिऱ्याहून डोळ्यांना फारसा लहान वाटत नाही; किमतीत मात्र लक्षणीय फरक पडू शकतो. वजनाइतकेच पैलू, रंग आणि निर्दोषता यांनाही महत्त्व आहे.

दागिन्यावर ‘एक कॅरट’ लिहिलेले असल्यास ते एकाच खड्याचे वजन आहे की सर्व खड्यांचे एकत्रित, हे अवश्य विचारावे. दहा सेंटच्या दहा हिऱ्यांचे वजन एक कॅरट भरते. पण त्यांची किंमत तशाच प्रतीच्या एक कॅरटच्या एका हिऱ्याहून बरीच कमी असते. हिरा नैसर्गिक की प्रयोगशाळेत घडवलेला, याचाही पावतीवर उल्लेख हवा. हॉलमार्क सोन्याच्या शुद्धतेची ग्वाही देतो, हिऱ्याची नव्हे. त्यासाठी रत्नपरीक्षण प्रयोगशाळेचे प्रमाणपत्र स्वतंत्रपणे घ्यावे.

याचा बँक व्यवहाराशीही निकटचा संबंध आहे. सोनेतारण कर्ज देताना केवळ सोन्याचे मूल्य धरले जाते, खड्यांचे नाही. दहा ग्रॅमच्या दागिन्यात दोन कॅरट हिरे असतील, तर ०.४ ग्रॅम वजा होऊन ९.६ ग्रॅम सोनेच हिशेबात येते. लाखाचा हिरा असला तरी कर्जाच्या रकमेत त्याने रुपयाचीही भर पडत नाही.

तेव्हा दागिन्याचे एकूण वजन, सोन्याचे निव्वळ वजन आणि हिऱ्यांचे कॅरटमधील वजन हे तिन्ही आकडे पावतीवर स्वतंत्रपणे लिहून घ्यावेत आणि ती पावती प्रमाणपत्रासह जपून ठेवावी.